लक्ष लागणे आणि लक्ष ठेवणे

‘कामात लक्ष लागत नाही’ ही तक्रार पूर्वी विद्यार्थ्यांविषयी त्यांचे पालक करीत असत. अलीकडे पालकच ती स्वतःविषयी करू लागले आहेत. कचेरीतला कारकून, पेढीवरचा हिशेबनीस, घरीच संगणकापुढे बसून परगावची नोकरी करणारी सून, उत्तरपत्रिका तपासणारा शिक्षक, सर्वांचे म्हणणे एकच : बसतो तासन्‌तास, पण काम हलत नाही. अशांना आपण देतो तो उपदेशही ठरलेला आहे. निश्चय करा, मन खंबीर करा, पहाटे उठा. उपदेश वाईट नव्हे, पण अपुरा आहे, असे आमचे मत आहे. ऐकणाऱ्याच्या पदरी त्यातून बहुधा अपराधीपणाच पडतो.

या बाबतीत आपली मराठी फार जाणती आहे. ती म्हणते, लक्ष लागते, लक्ष द्यावे लागते आणि लक्ष ठेवावे लागते. चांगल्या कादंबरीत लक्ष लागते. तेथे आपल्याला काही करावे लागत नाही. हिशेबाच्या वहीकडे लक्ष द्यावे लागते. ते आपल्या गाठीचे खर्च होते. चुलीवरच्या दुधावर लक्ष ठेवावे लागते. तेथे बराच वेळ काहीच घडत नाही आणि घडते ते डोळ्याचे पाते लवते न लवते तोच. उपजीविकेची बहुतेक कामे दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारची असतात. आपण मात्र ती पहिल्या प्रकारासारखी आपोआप व्हावीत अशी अपेक्षा धरतो. निराशेचे मूळ तेथे आहे.

लक्ष ठेवण्याच्या कामाचा एक वस्तुपाठ आमच्या पेडणे तालुक्यातच पाहावयास मिळतो. मडुरे आणि पेडणे या स्थानकांच्या दरम्यान कोकण रेल्वेचा सुमारे दीड किलोमीटर लांबीचा बोगदा आहे. मऊ आणि पाणी धरणाऱ्या मातीतून तो खणताना पुनःपुन्हा ढासळला. मजुरांचे प्राण गेले. संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला. त्याला जो विलंब लागला त्याचे एक मोठे कारण हा बोगदाच होता. पुढेही त्याचा हट्टी स्वभाव गेला नाही. ऑगस्ट २०२० मध्ये आतल्या भिंतीचा भाग कोसळून गाड्या अन्य मार्गांनी वळवाव्या लागल्या, आणि जुलै २०२४ मध्ये आत पाणी शिरून वाहतूक बंद पडली.

या मार्गावर दुर्लक्षाची किंमत काय असू शकते हे वेगळे सांगावयास नको. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ दरड कोसळून गाडी घसरली आणि पन्नासाहून अधिक माणसे दगावली. पुढच्याच वर्षी, जून २००४ मध्ये, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसला तसाच अपघात झाला. म्हणून पावसाळ्यात येथे गाड्यांचे वेगळे वेळापत्रक असते, वेग कमी ठेवतात, धोक्याच्या ठिकाणी पहारेकरी बसवितात आणि रुळांवरून रात्रंदिवस गस्त फिरते.

त्या गस्तीची रीत लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. भर पावसात, अंधारात, हातात दिवा घेऊन रूळ तपासीत जाणाऱ्या माणसाला रेल्वे केवळ ‘सावध राहा’ एवढेच सांगून सोडीत नाही. त्याला चालावयाचा टापू आखून दिलेला असतो. टापूच्या टोकाला पलीकडच्या गस्तवाल्याची गाठ पडते आणि दोघे गस्तीच्या वह्यांची अदलाबदल करतात. म्हणजे कोण कोठपर्यंत आला याला पुरावा राहतो. दिवसाकाठी किती चालावे याला मर्यादा असते, आणि दोन खेपांमध्ये विसावा असावा असा संकेत आहे. माणूस थकणार हे गृहीत धरूनच ही सगळी मांडणी केलेली आहे. निश्चयावर विसंबून रेल्वे चालत नाही.

यामागचे शास्त्र दुसऱ्या महायुद्धाने पुढे आणले. रडारच्या पडद्याकडे टक लावून बसणाऱ्या ब्रिटिश सैनिकांच्या नजरेतून शत्रूच्या खुणा निसटू लागल्या. केंब्रिजच्या नॉर्मन मॅकवर्थ यांनी त्याचा छडा लावण्यासाठी एक घड्याळ केले. त्याचा काटा ठरावीक टप्प्यांनी पुढे सरके आणि क्वचित एकदम दोन टप्पे उडी घेई. ती उडी टिपावयाची, एवढेच काम. १९४८ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले : पहिल्या अर्ध्या तासानंतरच उड्या निसटण्याचे प्रमाण वाढते. मात्र अर्धा तास काम आणि अर्धा तास विसावा अशी पाळी ठेवली, तर ही घसरण टळते. हे सैनिक आळशी नव्हते. युद्धकाळात प्राणांशी गाठ असलेले काम ते करीत होते. तरीही लक्ष ढळले, कारण लक्षाचा तो धर्मच आहे.

लक्ष देण्याच्या कामाची गोष्ट थोडी निराळी. तेथे थकव्याइतकाच व्यत्यय घातक ठरतो. सोफी लरॉय या अभ्यासिकेने २००९ साली दाखवून दिले की, एक काम अर्धे टाकून दुसऱ्याकडे वळले, तरी मनाचा काही अंश मागच्या कामातच रेंगाळतो आणि दुसरे काम त्या मानाने उणे होते. भ्रमणध्वनीवरचा एक संदेश वाचण्यास पाच सेकंद लागले, म्हणून पाचच सेकंद गेले असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. खर्च संदेशाचा नसतो, परतीच्या वाटेचा असतो.

मग उपाय काय? पहिला, आपल्या कामाचाही टापू आखावा. ‘आज सगळा हिशेब संपवीन’ यापेक्षा ‘चहाच्या वेळेपर्यंत ही बारा पाने’ असे ठरविणे हिताचे. दुसरा, उठण्यापूर्वी आपण कोठे थांबलो आणि पुढे काय करावयाचे हे एका ओळीत लिहून ठेवावे. ती आपल्यापुरती गस्तीची वही होय. मागचे काम मनात घोळण्याऐवजी कागदावर राहते. तिसरा, नेमके काम तोंडाने बोलत करावे. आपल्याकडे धान्य मोजणारा मापारी ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणून सुरुवात करी आणि पुढचे प्रत्येक माप मोठ्याने उच्चारी. त्यात शुभाची भावना होती, तशी चूक टाळण्याची युक्तीही होती. जपानी रेल्वेचे कर्मचारी सिग्नलकडे बोट दाखवून त्याचा अर्थ मोठ्याने म्हणतात. तेथील रेल्वे संशोधन संस्थेच्या १९९४ सालच्या प्रयोगात या पद्धतीने चुका सुमारे ८५ टक्क्यांनी घटल्या. आपल्या गाड्यांच्या इंजिनातही चालक आणि त्याचा सहायक सिग्नल एकमेकांना बोलून दाखवितात.

चौथा उपाय काम करणाऱ्याच्या हाती नाही. तो भोवतालच्यांच्या हाती आहे, आणि आमच्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा. शिक्षक वर्गात असताना ‘ही माहिती ताबडतोब हवी’ असा निरोप धाडणारा वरिष्ठ त्या वर्गातल्या चाळीस मुलांचे लक्ष मोडीत असतो. घरीच नोकरी करणाऱ्या सुनेला ‘घरातच तर आहेस’ म्हणून कुकरच्या शिट्ट्या मोजावयास सांगणारे, दार उघडावयास लावणारे कुटुंब तिच्या दिवसाचे तुकडे करते, आणि संध्याकाळी तीच मंडळी विचारतात, ‘अजून संपले नाही का?’ मुलगा पुस्तक घेऊन बसलेला असताना त्याच खोलीत दूरदर्शन संच लावणारे वडील त्याला एकाग्रतेवर व्याख्यान देतात, हेही आपण पाहतोच. बडोदे असो, इंदूर असो वा बेळगाव, आपल्या घरांतून हे चित्र फारसे वेगळे नसावे.

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन मनाच्या चंचलतेची तक्रार करतो, तेव्हा त्याला अभ्यास आणि वैराग्य असे दोन उपाय सांगितले जातात. अभ्यासाचा उपदेश आपण सर्वांना सढळ हाताने करतो. वैराग्याचा संसारी अर्थ आम्ही असा करतो की, एक काम हाती असताना बाकीची तेवढ्यापुरती सोडून द्यावीत, आणि दुसऱ्यालाही ती सोडू द्यावीत. वाचकहो, या आठवड्यात घरातील प्रत्येकाने आपला एक तास निवडावा, तो सर्वांना सांगावा, आणि बाकीच्यांनी त्या तासात त्याला हाक मारू नये. सुरुवात सुनेच्या तासापासून करावी. आजवर तो कोणी राखलेला नाही.