पाणी ज्याच्या हाती, जाब त्याला

सूर्या नदीवरील धामणीचे धरण व त्याखालचा कवडास बंधारा यांचे पाणी पाटांतून डहाणू-पालघरच्या शिवारांत खेळू लागले, आणि भातकापणीनंतर जी खाचरे भेगाळून पडत असत त्यांपैकी कित्येकांत उन्हाळी पीक उभे राहिले, याचे मोल जाणूनच पुढील तक्रार मांडली पाहिजे. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीमुळे बोईसरभोवती कामगारांच्या चाळी शेताच्या बांधाला भिडल्या आहेत. शेतात साचलेल्या पाण्यावर डास होतात, आणि दिवेलागणीला दारेखिडक्या लावून, डास हाकलण्याच्या धुराने डोळे चुरचुरत बसलेली तेथील कुटुंबे जेव्हा दाद मागतात, तेव्हा जमीन खाजगी आहे एवढ्यावर त्यांची बोळवण होता कामा नये.

मालकी हक्काने जमिनीचे पीक मिळते, शेजाऱ्याला ताप देण्याची मुभा मिळत नाही. भारतीय न्याय संहितेच्या २७० व्या कलमातील सार्वजनिक उपद्रवाच्या व्याख्येत कृतीबरोबर बेकायदेशीर कसूरही येते, आणि त्यापासून कोणाची सोय वा लाभ होतो म्हणून तो उपद्रव क्षम्य ठरत नाही.

तथापि सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याला नोटीस बजावली की न्याय झाला, असे मला वाटत नाही. खंडाने शेत कसणारा पाण्याचे दारे स्वतः मोडतो, तेथे प्रथम त्यालाच विचारावे. मुंबईच्या ज्या खरेदीदाराने कुंपण घालून, भराव टाकून जुना ओहोळ बुजविला, त्याने एक थेंब पाणी दिले नसले तरी तेथल्या डबक्याचा जाब त्यानेच द्यावा. चाळमालकांनाही यातून वगळता येणार नाही, कारण घाण साठलेल्या गटारांत वाढणारा क्युलेक्स डास शेतातून येत नाही. हिवताप पसरविणाऱ्या अॅनाफिलीसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाशी समांतर पडते, तर क्युलेक्सची डोके खाली करून तिरपी लोंबते. आरोग्यसेवकाने पळीभर पाणी काढून एवढे पाहिले, तरी निम्मा वाद तेथल्या तेथे मिटेल.

उपाय शेतकऱ्याला न परवडणारा नाही. उष्ण हवेत अंड्यापासून डास होण्यास सुमारे आठ-दहा दिवस लागतात. त्याआधी खाचराचे पाणी काढून चिखल उघडा पडू दिला तर अळ्या मरतात, आणि वेळ सांभाळून हे केले तर भाताचेही बिघडत नाही, उलट पाणी वाचते. मात्र एकाने शेत सुकवावे आणि वरच्याने त्याच दिवशी आपले पाणी त्यात सोडावे, असे झाले तर सारेच व्यर्थ. म्हणून २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याखालील पाणी वापर संस्थांनी पाळी ठरवतानाच सुकवणीचा दिवस ठरवावा. धूरफवारणी याला पर्याय नाही; तिने उडते डास तेवढे मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात.

आणि जेथे पाटाचे अस्तर फुटून पाझराने एखाद्या आदिवासी शेतकऱ्याचे खाचर न मागताच बारमाही तुंबले आहे, तेथे पहिली नोटीस त्या शेतकऱ्याच्या झोपडीवर चिकटविली जाऊ नये. ती पाटबंधारे खात्याच्या शाखा कार्यालयात जावी, आणि दुरुस्तीची तारीख तिच्यावर लिहून घ्यावी.