आपणही मागणारेच

मत्तयच्या शुभवर्तमानात येशूने ‘आत्म्याने दीन’ असणाऱ्यांना धन्य म्हटले आहे. लूकमध्ये नुसते ‘दीन’ आहे. मत्तयने गरिबी सौम्य केली, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. इथला मूळ ग्रीक शब्द हात पसरणाऱ्या भिकाऱ्याचा. म्हणजे दान देणारा श्रीमंतही देवापुढे मागणाराच. (आपल्याला हे नवे नाही, सूरह फातिरमध्ये सर्व माणसांना अल्लाहपुढे फकीरच म्हटले आहे.) मग रमजानमध्ये रेशनचे किट देताना घेणाऱ्या विधवेचा फोटो का काढतो आपण? जकात हा तिचा हक्क, आपली मेहेरबानी नव्हे. डाव्या हातालाही न कळू देता द्यावे, ही शिकवण मत्तयच्या पुढच्याच अध्यायात आहे आणि बुखारीच्या हदीसमध्येही. यंदा किट तिच्या घरी गुपचूप पोहोचवा, मोबाइल खिशातच राहू द्या.