एकच तांदूळ तीनदा विकला!

"तू कॉम्प्युटरवाला आहेस ना?" हा प्रश्न आयटीतल्या प्रत्येकाला घरच्यांकडून कधी ना कधी ऐकावा लागतोच. प्रिंटर चालत नाही, मोबाईल हँग झाला, रेल्वेचं तिकीट कन्फर्म होत नाही... सगळ्याला जबाबदार आपणच! :-) गेल्या वर्षी हाच प्रश्न मला मोठेबाबांनी, म्हणजे वडिलांच्या मोठ्या भावाने, विचारला. त्यातून जे काही झालं ते आज लिहून काढतोय. वीकांत आहे, पाऊस आहे आणि मनावर थोडं ओझंही आहे.

आमचं गाव आमगाव. पुण्यात हे नाव सांगितलं की समोरचा हमखास "कुठे आलं हे?" असं विचारतो. महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसायचं, ती जिथे संपते ते गोंदिया, आणि तिथून हावडा लाइनने थोडं पुढे गेलं की आमगाव. पुढे छत्तीसगड. आमचा सगळा भाग धानाचा आणि राइस मिलचा. मोठेबाबांचं तांदळाचं दुकान आहे. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये दादाने आणि वहिनीने एक, पाच आणि दहा किलोची पाकिटं करून तांदूळ ऑनलाइन विकायला सुरुवात केली. आधी एका साइटवर, मग दोन साइटवर. शिवाय व्हॉट्सअ‍ॅप, शिवाय दुकानातलं गिऱ्हाईक. पॅकिंगला तीन मावशी. त्यांना मजुरी पाकिटामागे मिळते. (हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.)

दिवसाला दहा-पंधरा ऑर्डरी होत्या तोवर वहीवर भागलं. मग एकदा एकच शेवटचं पाकीट दोन साइटवर दोघांना विकलं गेलं. आमच्या भाषेत याला रेस कंडिशन म्हणतात, मोठेबाबांच्या भाषेत बेअब्रू. मला फोन आला.

मी काय केलं असेल? तुम्ही केलं असतं तेच. शनिवारी कॉफी घेऊन बसलो, स्प्रेडशीट उघडली आणि बाजारातली सगळी सॉफ्टवेअरं एकाखाली एक मांडली. पर्याय भरपूर आहेत. टॅली १९८६ पासूनची, दुकानदाराच्या हाताला बसलेली. झोहो इन्व्हेंटरी आहे. खास ऑनलाइन विक्रेत्यांसाठी २०१२ साली सुरू झालेली युनिकॉमर्स आहे. मुंबईत तयार झालेलं, मुक्तस्रोत ईआरपीनेक्स्ट आहे. मी फीचर्सच्या ४३ ओळी केल्या, हिरवे-लाल रंग भरले, दोन डेमो पाहिले आणि एक निवडलं. कोणतं ते सांगत नाही, कारण चूक त्याची नव्हतीच. रविवारी संध्याकाळपर्यंत सगळं सेटअप तयार! पुण्यात बसून. गोदामाकडे न फिरकता.

आता चूक बघा. एचएमटी तांदळाचे पन्नास किलोचे २० कट्टे गोदामात होते. म्हणजे १००० किलो. मी सॉफ्टवेअरमध्ये तीन वस्तू बनवल्या. एक किलोचं पाकीट, साठा १०००. पाच किलोचं, साठा २००. दहा किलोचं, साठा १००. हिशोब प्रत्येक ओळीत बरोबर होता, पण तांदूळ एकच होता! हजार किलो माल मी तीन वेळा, म्हणजे तीन हजार किलो म्हणून विकायला काढला होता.

दिवाळीचा आठवडा उजाडला. एक किलोच्या १८०, पाचच्या १२०, दहाच्या ४० पाकिटांच्या ऑर्डरी आल्या. बेरीज ११८० किलो. त्यात दुकानातून सुटे तीन कट्टे गेले, ते कोणी कॉम्प्युटरवर चढवलेच नव्हते. गोदामात खाली पडलेली कणी उरली आणि स्क्रीन म्हणत होती की अजून १८२० किलो शिल्लक आहे.

दुसरीकडून माल का नाही उचलला? कारण जुना तांदूळ संपत आला होता आणि नवं धान तेव्हा कापणी-मळणीत होतं. जुना तांदूळ मोकळा शिजतो, नवा चिकट होतो. गिऱ्हाइकाने जुना म्हणून पैसे मोजलेले. दादा म्हणाला, दिसायला सारखा दुसरा बारीक तांदूळ भरून देऊ, कोणाला कळतं? मोठेबाबा एवढंच बोलले, "नाव एचएमटीचं अन् आत दुसरं? असं नाही करत बाप्पा आपण."

सत्तरेक ऑर्डरी रद्द कराव्या लागल्या. एका साइटने दुकानाची यादीच तीन आठवडे बंद ठेवली. पैशाचं नुकसान दादाने सोसलं. पण पाकिटंच नाहीत म्हटल्यावर मावशींची मजुरीही तीन आठवडे बंद. ऐन दिवाळीत. हे मला घरी गेल्यावर कळलं.

त्यातल्या एक मावशी मला म्हणाल्या, "मी तं सकाळीच सांगतलं होतं बाबू, एचएमटी पुरत नाही म्हणून. पण तुमच्या डब्ब्यात भरपूर दिसून राहिला होता म्हणे."

त्यांना दिसत होतं आणि स्क्रीनला दिसत नव्हतं. आणि दादाने विश्वास स्क्रीनवर ठेवला, कारण ती स्क्रीन पुण्याच्या इंजिनियरने लावून दिली होती!

तर मंडळी, माझं मत असं आहे की साठ्याचं सॉफ्टवेअर निवडायची सुरुवात सॉफ्टवेअरपासून करूच नये. ती गोदामापासून करावी, आणि पहिली मीटिंग सेल्सवाल्याशी नाही तर माल हातात घेणाऱ्या माणसाशी करावी. सॉफ्टवेअरला साठा कळत नाही. आपण त्याला जे सांगितलं तेवढंच त्याला कळतं, आणि तेच ते फार आत्मविश्वासाने परत सांगतं.

हे फक्त आमच्यासारख्या छोट्या दुकानांत होतं असं समजू नका. अमेरिकेतली टार्गेट ही अवाढव्य कंपनी २०१३ साली कॅनडात गेली. नवीकोरी एसएपी यंत्रणा, शंभरावर दुकानं. घाईघाईत हजारो वस्तूंची माहिती भरली गेली. कुठे इंच आणि सेंटिमीटरची गफलत, कुठे लांबीच्या जागी रुंदी. गोदामं तुडुंब आणि दुकानातले रॅक रिकामे. २०१५ मध्ये सगळी १३३ दुकानं बंद झाली. कारणं इतरही होती, पण चुकीची माहिती हे त्यातलं मोठं. ती गोष्ट वाचून मला जरा बरं वाटलं, आणि मग बरं वाटल्याची लाज वाटली.

मग दिवाळीनंतर सुट्टी वाढवून घेतली आणि चार दिवस गोदामात बसलो.

पहिला दिवस नुसता नावांवर गेला. मी जुन्या आणि नव्या एचएमटीला एकच कोड दिला होता. मावशींच्या लेखी त्या दोन वेगळ्या वस्तू होत्या, आणि त्यांचं बरोबर होतं. नावाची गंमत म्हणजे खुद्द 'एचएमटी' हे नावही असंच बाजाराच्या गरजेतून आलं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी हे वाण आपल्या शेतात निवडून तयार केलं. विकायला आणलं तेव्हा त्याला नाव नव्हतं, म्हणून १९९० मध्ये एका व्यापाऱ्याने तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचं नाव देऊन टाकलं. दादाजी २०१८ मध्ये गेले. कोड पाडायचा तर असा पाडावा, गोदामातल्या प्रत्येकाच्या तोंडी बसेल असा. माझा 'एचएम-आर-००५-बी' कोणाच्याच तोंडी बसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मोजणी. तिसऱ्या दिवशी माझ्या ४३ ओळी खोडून चारच प्रश्न ठेवले:

एक, कट्टा फोडून पाकिटं केली की सुटा साठा आपोआप कमी होतो का? म्हणजे तीन पाकिटांमागे तांदूळ एकच आहे हे त्याला समजतं का?

दोन, ऑर्डर आलेला पण अजून न पाठवलेला माल ते वेगळा धरतं का? गोदामात असलेला साठा आणि विकायला मोकळा असलेला साठा, हे दोन वेगळे आकडे आहेत.

तीन, परत आलेलं पाकीट ते डोळे मिटून साठ्यात घालतं, की कोणीतरी तपासेपर्यंत बाजूला ठेवतं? फाटलेलं, ओल लागलेलं, सोंडे झालेलं पाकीट पुन्हा विकायचं नसतं.

चार, उद्या सोडून जायचं ठरवलं तर आपली सगळी माहिती बाहेर काढून देतं का?

कराचाही एक बारकावा आहे. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, लेबल लावलेल्या पाकीटबंद तांदळावर ५ टक्के जीएसटी लागतो. आमच्या पन्नास किलोच्या कट्ट्यावर तो नाही. म्हणजे कट्टा फोडून पाकीट भरलं की त्याच तांदळाचा कर बदलतो. सॉफ्टवेअरमध्ये कट्टा आणि पाकीट यांचं नातं नीट बसवलं नसेल, तर साठ्याबरोबर करही चुकणार.

चौथ्या दिवशी सेटअप. गंमत म्हणजे सॉफ्टवेअर तेच ठेवलं. या चारही गोष्टी त्यात होत्या, मीच त्या वापरल्या नव्हत्या. दोन आठवडे एकच साइट जोडली. प्रत्येक वाणाचे वीस किलो कायम राखीव ठेवले, कारण दोन साइटवर आकडे बदलायला काही मिनिटं जातातच. आणि रोज संध्याकाळी एका वाणाची प्रत्यक्ष मोजणी. ती मावशी करतात, त्या वेळेची वेगळी मजुरी धरून. त्यांचा आकडा आणि स्क्रीनचा आकडा जुळला नाही, तर आधी स्क्रीनवर संशय घ्यायचा असं ठरलंय.

माझा एक मित्र म्हणतो, ही मागे जाणारी पद्धत झाली, बारकोड लावा, माणूस काढा. बारकोड आम्हीही लावणार आहोत. वहीच बरी होती असंही माझं म्हणणं नाही. रात्री अकराला दोन साइटवर आलेल्या ऑर्डरी वही सांभाळू शकत नाही. पण बारकोडचं स्टिकर चुकीच्या पाकिटावर लागलं, तर ते ओळखायला पुन्हा माणूसच लागतो.

आता साधारण निम्म्या संध्याकाळी आकडे जुळतात. न जुळले की वहिनीचा फोटो येतो. एका बाजूला स्क्रीन, एका बाजूला मावशींचा खडूने लिहिलेला आकडा. परवा चौदा किलोचा फरक होता. शोधलं तर एक फाटका कट्टा भिंतीमागे सांडत होता. खडूचा आकडा बरोबर होता.

असो. मोठेबाबांनी अजून वही बंद केलेली नाही. मीही त्यांना करा म्हटलेलं नाही.