अंगणांतील गाळकुंडी

मृग नक्षत्र जवळ येऊं लागलें म्हणजे घरोघरीं कौलें शाकारलीं जातात, गच्चीच्या भेगा बुजविल्या जातात, छत्र्या दुरुस्त होतात. अंगणाच्या कोपऱ्यांतील लोखंडी जाळीकडे मात्र सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. वस्तुतः घराभोंवतालचें पावसाचें पाणी वाहून जाण्याचा सारा भार त्या जाळीखालील कुंडीवर असतो. तिला सर्रास 'चेंबर' म्हणतात. आम्ही तिला गाळकुंडी म्हणतों. ती स्वच्छ राखणें हें ज्याच्या त्याच्या घरचें कर्तव्य आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

या कुंडीची रचना साधी आहे. जाळी पानें व काटक्या अडविते. पाणी पुढें नेणारा नळ तळाशीं नसून कांहीं अंतर वर बसविलेला असतो. त्यामुळें पाण्याबरोबर आलेली माती तळाशीं बसते व वरचें पाणी नळांतून निघून जातें. परंतु गाळ नळाच्या तोंडापर्यंत चढला कीं तो नळांत शिरतो. आणि जमिनीखालील नळ एकदां तुंबला म्हणजे घमेलें-फावड्यानें भागत नाहीं. म्हणून तळ व नळ यांमधील जागा निम्मी भरली कीं गाळ काढावा. काठी घालून पाहिल्यास तो किती सांचला आहे हें कोणासही कळेल.

विद्यार्थिमित्रांनीं एक गणित करून पाहावें. अंगण १०० चौरस मीटर आहे आणि तासाभरांत २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर त्या अंगणांत २,५०० लिटर पाणी पडतें. जाळीवर चार पिशव्या व मूठभर पाचोळा अडकला, तर हें पाणी जाणार कोठें?

कोणी म्हणतील, "आम्ही कर भरतों, गटारें साफ करणें नगरपालिकेचें काम." हें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तसल्या प्रलयापुढें घरची कुंडी काय करणार? सार्वजनिक गटारें नीट राखण्याचा जाब अधिकाऱ्यांस अवश्य विचारावा. तथापि असले दिवस विरळा. नेहमींच्या पावसांत पाणी तुंबतें तें पुष्कळदां आपल्याच कुंपणाच्या आंत. शिवाय तें आपल्या उंबरठ्याशीं थांबत नाहीं. तें उताराकडे धांवतें, आणि उताराच्या पायथ्याशीं बहुधा गरिबांचीं घरें असतात. आमच्या आळसाची शिक्षा त्यांच्या चुलीनें कां भोगावी?

कांहीं गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पावसाचें पाणी बहुतेक ठिकाणीं शुद्ध न होतांच नदीला वा समुद्राला मिळतें. म्हणून जाळींत तेल, रंग किंवा साबणाचें पाणी ओतूं नये. काढलेला गाळ कांठावर ठेवूं नये. पुढची सर तो पुन्हां आंत लोटते. डांसाच्या अंड्यापासून डांस होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. याकरितां पाऊस उघडल्यावर कुंडींत पाणी राहिलें तर तें आठवड्याच्या आंत उपसावें. गाळ काढणें वडील माणसांनीं, हातमोजे घालून करावें. मुलांनीं जाळीवरचा कचरा चिमट्यानें उचलावा. रस्त्यावरील गटाराचें झांकण मात्र कोणीही उघडूं नये. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसांत मुंबईंत एक नामांकित डॉक्टर, पाण्याखालीं न दिसलेल्या उघड्या मॅनहोलांत पडून प्राणास मुकले.

आठवड्यांतून पंधरा मिनिटें, एक काठी व एक घमेलें, एवढाच काय तो खर्च. पालकांनीं येत्या रविवारीं मुलांना जाळीपाशीं न्यावें व पाणी कोठून येतें, कोठें जातें, हें दाखवावें. नागरिकशास्त्राचा याहून सोपा धडा आम्हांस ठाऊक नाहीं.