बकऱ्याच्या डोळ्याला टाका घालून ऑप्टोमेट्रीचे विद्यार्थी काय शिकतात?

एखाद्या क्रिएटरची रील पॉज करा आणि त्याच्या डोळ्यावर झूम करा. बुबुळावर रिंगलाइटचं पांढरं वर्तुळ दिसेल. आपल्या डोळ्याची पुढची पारदर्शक काच, म्हणजे कॉर्निया, आरशासारखं काम करते, म्हणून ते दिसतं. कॉर्निया सगळीकडे सारखा गोल असेल तर वर्तुळही गोल. एका बाजूने जास्त वळलेला असेल तर वर्तुळ लांबट. (लगेच सेल्फी काढून स्वतःचं निदान करू नका, फोनचा कोन थोडा बदलला तरी आकार बदलतो.)

डोळ्यांच्या दवाखान्यातलं टोपोग्राफी मशीन हेच करतं. एकाऐवजी बरीच वर्तुळं डोळ्यावर पाडतं, त्यांचा फोटो घेतं आणि त्यावरून कॉर्नियाचा रंगीत नकाशा काढतं. 2021 मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया आणि शंकरा आय हॉस्पिटलच्या संशोधकांनी 'स्मार्टकेसी' नावाने हेच काम स्मार्टफोनवर करून दाखवलं. फोनपुढे थ्रीडी प्रिंट केलेला वर्तुळांचा जोड लावायचा, बाकीचं काम सॉफ्टवेअर करतं. केराटोकोनस हा आजार लवकर सापडावा हा त्यामागचा हेतू. यात कॉर्निया पातळ होत शंकूसारखा पुढे येतो. तो बहुतेक तरुण वयात सुरू होतो आणि डोळे सतत चोळण्याशी त्याचा संबंध आहे. फार वाढला तर कॉर्निया बदलावा लागतो.

आता मूळ विषय. माझी मावसबहीण ऑप्टोमेट्री शिकते. तिच्या कॉलेजच्या वेट लॅबमध्ये मुलांना कॉर्निया प्रत्यारोपणाचे टप्पे हाताने करायला दिले. सकाळी खाटकाकडून आणलेले बकऱ्याचे डोळे, मायक्रोस्कोप आणि टाक्यांचा दोरा. तिने पाठवलेला व्हिडिओ बघून मी पहिला प्रश्न विचारला तो असा, की तू ऑपरेशन करणारच नाहीस, मग हे कशाला? ऑप्टोमेट्रिस्ट म्हणजे डोळे तपासणारा, नंबर काढणारा, कॉन्टॅक्ट लेन्स बसवणारा माणूस. आपल्याकडे प्रत्यारोपण नेत्रशल्यचिकित्सकच करतात, आणि तसंच असायला हवं.

उत्तर टाक्यात आहे. पूर्ण जाडीच्या प्रत्यारोपणात रुग्णाच्या कॉर्नियाची मधली गोल चकती कापून काढतात, साधारण साडेसात ते आठ मिलिमीटरची. दात्याची चकती बहुतेक वेळा पाव मिलिमीटर मोठी घेतात. मग ती नायलॉनच्या दोऱ्याने शिवतात. हा दोरा 20 ते 29 मायक्रॉन जाड असतो, म्हणजे केसापेक्षाही बारीक. कॉर्निया मध्यभागी अर्धा मिलिमीटर जाड, आणि टाका त्यात खोलवर जायला हवा, पण आरपार जाता कामा नये. एक टाका जरा जास्त आवळला की कॉर्निया त्या रेषेत जास्त वळतो, आणि रुग्णाला मोठा सिलिंडर नंबर येतो.

हे वाचायला दहा सेकंद लागतात. पण बहीण म्हणाली, "दादा, मी स्वतः टाका आवळला आणि वरच्या दिव्याचं प्रतिबिंब चपटं झालेलं बघितलं, तेव्हा टोपोग्राफीतला लाल पट्टा पहिल्यांदा कळला." ऑपरेशननंतर टाके बरेचदा वर्षभर किंवा जास्तही राहतात. कोणता टाका काढायचा हे सर्जन ठरवतो, पण त्याच्यापुढे येणारा नकाशा आणि नंबर अनेकदा ऑप्टोमेट्रिस्टने काढलेला असतो. पुढे चष्म्याने भागलं नाही तर कडक लेन्स बसवणाराही तोच.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला आधी वाटलं की हे व्हीआरवर का नाही शिकवत? डोळ्याच्या ऑपरेशनचे सिम्युलेटर आहेतच, पण त्यांचा मुख्य भर मोतीबिंदू आणि डोळ्याच्या मागच्या पडद्यावर राहिला. दोऱ्याचा ताण हाताला जाणवणं आणि त्याच क्षणी कॉर्निया वाकताना दिसणं, यासाठी खाटकाकडचा डोळा आजही स्वस्त आणि जास्त खरा आहे.

काही डॉक्टरांना भीती वाटते की आज लॅबमध्ये टाका, उद्या दुकानात ऑपरेशन. भीती अगदीच हवेतली नाही, आपल्याकडे बोगस डॉक्टर कमी नाहीत. पण कायदा इथे बऱ्यापैकी स्पष्ट आहे. अवयव प्रत्यारोपण कायद्यात 2011 मध्ये दुरुस्ती झाली आणि प्रशिक्षित तंत्रज्ञाला मृत दात्याचा कॉर्निया काढायची मुभा मिळाली. नेत्रदान मृत्यूनंतर सहा तासांत व्हावं लागतं, तेव्हा गावोगावी असे हात हवेतच. कॉर्निया रुग्णाच्या डोळ्यात बसवण्याची मुभा मात्र त्या दुरुस्तीने तंत्रज्ञाला दिलेली नाही. एकाच उतींशी संबंधित दोन कामं, दोन वेगळ्या परवानग्या. तेव्हा लॅब बंद करण्यापेक्षा ही रेषा पहिल्याच तासाला शिकवावी.

माझी तक्रार वेगळी आहे. मेलेल्या डोळ्यात रिजेक्शन होत नाही. खऱ्या रुग्णात मात्र शरीर दात्याच्या कॉर्नियावर हल्ला करू शकतं, अगदी काही वर्षांनीसुद्धा. डोळा लाल होतो, उजेड सहन होत नाही, दुखतो, धूसर दिसतं. घरचे म्हणतात डोळे आलेत, आणि मेडिकलमधून ड्रॉप आणतात. लवकर ओळखलं तर स्टेरॉइडच्या उपचाराने कॉर्निया बऱ्याचदा वाचतो. उशीर झाला तर दात्याने दिलेला तो कॉर्निया वाया जातो. असा रुग्ण शहरातल्या सर्जनकडे जाण्याआधी तालुक्याच्या चष्म्याच्या दुकानात जायची शक्यता जास्त.

म्हणून एका दिवसाची वर्कशॉप, ॲप्रनमधले फोटो आणि सर्टिफिकेट एवढ्यावर थांबणाऱ्या कॉलेजांचं मला कौतुक नाही. टाका घालून झाल्यावर त्याच मुलांना कॉर्निया क्लिनिकमध्ये बसवा, स्लिट लॅम्पवर प्रत्यारोपण झालेले डोळे दाखवा. आणि परीक्षेत दोन लाल डोळ्यांचे फोटो ठेवून विचारा, यातला आजच्या आज सर्जनकडे पाठवायचा कोणता?