नेट नाही, उद्या या

कर्जत-खालापूरच्या वाड्यांवरून सरकारी रुग्णालयात येणाऱ्याला हे वाक्य नवे नाही. त्याच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच, की दिवसाची मजुरी बुडाली आणि गाडीभाडेही गेले. क्षयरुग्णाची नोंद निक्षय पोर्टलवर झाली की पोषणासाठीचे पैसे त्याच्या खात्यात जमा होतात. २०१८ मध्ये ते महिना ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. कातकरी कुटुंब दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघून गेले आणि नोंद अर्धवट राहिली, तर त्या रुग्णाला शोधायचे कुठे?

हे सारे कधीकधी अडते ते संगणकातल्या एका नेटवर्क कार्डावर. साधे कार्ड हजार रुपयांच्या आतबाहेर मिळते. ते बंद पडले की दोन तऱ्हेची माणसे दिसतात. काही जण न तपासताच ते दुकानदाराकडे धाडतात, तर काही आठवडाभर ड्रायव्हर काढून-घालून बघत बसतात. तपासणीला अर्धा तास पुरे. पण तो अर्धा तास द्यायलाच हवा, कारण दोष बहुधा कार्डात नसतोच.

रुग्ण तपासावा तसेच हे काम आहे. आधी बाहेरून पाहायचे: कार्डावरचा दिवा लागतो का? केबलची क्लिप तुटली आहे का? केबल बदलून पाहावी, मग स्विचचे दुसरे पोर्ट. वेग १००० ऐवजी १०० दाखवत असेल तर संशय आधी केबलवर घ्यावा. १००० च्या वेगाला तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात. एखादी जोडी तुटली तरी काम रखडत चालू राहते. संगणक बंद करून, प्लग काढून कार्ड पुन्हा नीट बसवावे. १२७.०.०.१ ला पिंग केले, उत्तर आले, म्हणजे कार्ड ठणठणीत, असा एक गैरसमज आहे. ते उत्तर संगणक स्वतःच स्वतःला देतो. त्यात कार्डाचा संबंधच येत नाही. खरी परीक्षा अदलाबदलीची: संशयित कार्ड चांगल्या संगणकात, चांगले कार्ड या संगणकात. दोष कार्डाबरोबर गेला, की निदान झाले.

त्यानंतर डागणी, खोलाखोली नको, वॉरंटी जाते. वळवाच्या पावसात विजेच्या झटक्याने पोर्ट जळले असेल तर ड्रायव्हर कितीही वेळा घातला तरी उपयोग नाही. परत पाठवताना मात्र सोबत चिठ्ठी हवी: अनुक्रमांक, लक्षणे, काय काय करून पाहिले. कोऱ्या चिठ्ठीवर पुढे पाठवलेल्या रुग्णाचे जे होते, तेच ‘चालत नाही’ एवढे लिहिलेल्या कार्डाचे होते. पहिल्यापासून सगळे पुन्हा.

घरच्या ग्राहकानेही ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीला भिऊ नये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि बिलात मुदत नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल तेवढे जपून ठेवावे.

सरकारी कार्यालयात अडचण वेगळीच. वस्तू जडवस्तू नोंदवहीत चढलेली असते. ती बाहेर काढायला कोणाची सही, यावर चर्चा होते आणि वॉरंटी ड्रॉवरमध्येच संपते. कर्जतहून लॅमिंग्टन रोडला जायचे तर लोकलचा शंभर किलोमीटरचा प्रवास आणि एक कर्मचारी दिवसभर बाहेर. त्यापेक्षा प्रत्येक रुग्णालयात एक चाचणी केलेले जादा कार्ड आणि दोन केबल कपाटात ठेवाव्यात, आणि हजारभर रुपयांची वस्तू बदलून आणण्याचा अधिकार तिथल्याच प्रमुखाला द्यावा. जादा कार्डावर दहा मिनिटांत काम सुरू होते. बिघडलेले सावकाश परत जाऊ दे.

तोवर रुग्णाचे नाव, वाडी आणि तो ज्या भट्टीवर जाणार तिथला फोन नंबर वहीत उतरवून घ्यावा. त्याला नेट लागत नाही.