उधाणाचे गणित आणि पडद्यावरची लाट

रत्नागिरीच्या मांडवी बंदरावर सुमारे साडेबारा तासांच्या अंतराने येणारी भरती आणि अमावास्या-पौर्णिमेचे उधाण भरतीबलामुळे, म्हणजे पृथ्वीच्या चंद्र-सूर्याकडील व पलीकडील बाजूंवरील गुरुत्वाकर्षणाच्या फरकामुळे घडते. २०१४च्या ‘इंटरस्टेलर’ चित्रपटात कृष्णविवराजवळच्या ग्रहावर उठणाऱ्या डोंगराएवढ्या लाटांमागेही हेच बल कल्पिलेले आहे. त्या ग्रहावरचा एक तास पृथ्वीवरील ७ वर्षांएवढा भरणे सापेक्षतेच्या गणितात बसते, मात्र त्यासाठी कृष्णविवर जवळजवळ कमाल वेगाने स्वतःभोवती फिरणारे मानावे लागते, असे चित्रपटाचे सल्लागार भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांनीच दाखवून दिले. उलट, कृष्णविवराभोवतीच्या तप्त वायूच्या चकतीची निरीक्षकाकडे येणारी बाजू अधिक तेजस्वी दिसायला हवी, हे गणिताने ठाऊक असूनही प्रेक्षक गोंधळतील म्हणून ते वगळण्यात आले. ही तडजोड (प्रेक्षकाला जरा कमीच लेखणारी) खटकते. जयंत नारळीकरांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी लिहिलेली ‘कृष्णविवर’ ही कथा १९७४ची, म्हणजे या चित्रपटाच्या ४० वर्षे आधीची. तरीही अशा कथांकडे मराठी चित्रपटसृष्टीने फारसे वळून पाहिलेले नाही, आणि त्याला केवळ खर्चाचे कारण पुरेसे नाही.